विझलेला दिवा, उघडी झडप

थ्री माइल आयलंड म्हटलं की सस्क्वेहाना नदीतल्या बेटावरचे ते अवाढव्य कूलिंग टॉवर डोळ्यांसमोर येतात. त्या प्रकरणात खरा घोळ घातला तो एका छोट्याशा दिव्याने.

28 मार्च 1979, पहाटेचे चार. पेनसिल्व्हेनियातल्या या अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये पाण्याचे पंप बंद पडले. अणुभट्टीतला दाब वाढला आणि तो कमी करणारी झडप आपोआप उघडली. काही सेकंदांत ती मिटायला हवी होती, ती अडकली. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, आणि कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असं धरलं. आता गंमत बघा. झडप उघडी ठेवणाऱ्या सोलेनॉइडला वीज मिळतेय की नाही, एवढंच तो दिवा सांगायचा. म्हणजे ‘बंद हो’ हा हुकूम सुटल्याची ती पावती होती. हुकूम पाळला गेला का, हे थेट सांगणारं काहीच समोर नव्हतं. झडपेतून सुटलेलं पाणी ज्या टाकीत जात होतं, तिची मापं दाखवणारे काटे मुख्य पॅनेलच्या पाठीमागे होते!

पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले. त्यांची नोंद छापणारा प्रिंटर पुढे दोन तासांहून अधिक मागे पडला. एका काट्यावरून अणुभट्टीत पाणी जास्त झाल्याचा समज झाला, म्हणून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठाच कमी केला. झडपेची वाट बंद व्हायला 2 तास 22 मिनिटं लागली. गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला होता, हे तर कित्येक वर्षांनी कळलं.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी, म्हणजे ‘बेसिक’ या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. (शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बेसिक गिरवलेल्यांनी इथे नमस्कार करायला हरकत नाही.) कर्मचारी असे का चुकले हे तपासायला बोलावलेल्यांमध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मनही होते. त्यांचा निष्कर्ष असा, की माणसं हुशार होती, कंट्रोल रूमची रचनाच चुका करवून घेणारी होती. दारं, नळ, स्विच यांच्याकडे त्याच नजरेने पाहणारं त्यांचं पुस्तक 1988 साली आलं आणि माणूस-यंत्र संवादाच्या अभ्यासात पायाभूत ठरलं.

नॉर्मन यांचं म्हणणं मला पटतं, पण पुरतं नाही. सप्टेंबर 1977 मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप अशीच अडकली होती. तिथल्या लोकांनी ती वेळीच ओळखली. त्यावर कागद लिहिले गेले, ते टेबलांवरून फिरले. थ्री माइल आयलंडच्या पहाटपाळीपर्यंत मात्र पोचले नाहीत. नवा दिवा बसवून हे दुखणं जात नाही.

आणि शुक्रवारी, 30 मार्चला, तोच खेळ भिंतीबाहेर झाला. हेलिकॉप्टरने केंद्राच्या धुरांड्यावर किरणोत्सर्ग मोजला: ताशी 1,200 मिलिरेम. वॉशिंग्टनला आकडा पोचला, पण तो कुठला ते नीट पोचलं नाही. तिथे नुकतंच कुणीतरी आवाराबाहेरच्या जमिनीवरच्या किरणोत्सर्गाचं गणित मांडलं होतं, आणि योगायोगाने उत्तर तेच आलं होतं! झालं, लोकांना हलवा अशी शिफारस निघाली. गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी आधी दहा मैलांच्या आतल्यांना घरात थांबायला सांगितलं, मग पाच मैलांतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांना बाहेर पडायला. दोन तासांत दोन सूचना म्हटल्यावर शेजारचा धडधाकट माणूस काय करेल? सुमारे 1,40,000 लोक घरं सोडून गेले. त्यातच अणुभट्टीच्या अपघातावरचा ‘द चायना सिंड्रोम’ बाराच दिवस आधी थिएटरांत लागला होता.

दुपारी अध्यक्ष कार्टर यांनी पाठवलेले हॅरॉल्ड डेंटन येऊन पोचले. शांत, घरगुती बोलीत बोलणारा हा इंजिनियर लोकांना भावला. एकच माणूस बोलू लागला, तशी हवा जरा निवळली.

आसपासच्या वीस लाख लोकांना सरासरी सुमारे 1 मिलिरेम मात्रा मिळाली असं नंतरच्या हिशेबात निघालं. छातीच्या एक्स-रेत साधारण 6 मिळते. पॉल स्लोविक यांनी 1987 साली ‘सायन्स’मधल्या लेखात याच अपघाताचं उदाहरण घेतलं: लगेच कुणी मेलं नाही, तरी सगळ्या अणुवीज उद्योगाला त्याची जबर किंमत मोजावी लागली. घाबरलेल्या लोकांना अडाणी म्हणायला त्यांनी नकार दिला. त्यांच्या मते अशा अपघाताकडे लोक इशारा म्हणून बघतात: यंत्र चालवणाऱ्यांनाच आत काय चाललंय ते कळत नाही, असा इशारा. त्या पहाटे तर ते शब्दशः खरं होतं.