सरकारचेच कागद, सरकारच्याच विरुद्ध : आय. एफ. स्टोन यांचे चार पानी साप्ताहिक

१/ १९ सप्टेंबर १९५७. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात एका डोंगराच्या पोटात बोगदा खणून अणुस्फोट करण्यात आला. स्फोट पूर्णपणे भूगर्भातच कोंडून ठेवण्यात यश आलेली ही पहिली अणुचाचणी. नाव ‘रेनियर’, शक्ती १.७ किलोटन. सुमारे सहा महिन्यांनी सरकारने जाहीर केले, की तिचा हादरा २०० मैलांपलीकडे कोठेही नोंदला गेला नाही.

२/ हे विधान चुकीचे होते. आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा सरकारच्याच दुसऱ्या एका कचेरीत पडून होता. तो शोधायला गेलेला वार्ताहर कानाने अधू होता, कोणत्याही मोठ्या दैनिकाच्या नोकरीत नव्हता आणि चार पानांचे एक साप्ताहिक पत्नीच्या मदतीने चालवत होता. त्यांचे नाव आय. एफ. स्टोन. #थ्रेड #इतिहास

३/ या कथेचे महत्त्व समजण्यासाठी आधी त्या काळातील अमेरिकी वृत्तपत्रांचा एक अलिखित नियम पाहावा लागतो. जबाबदार पदावरील व्यक्ती काही बोलली, की ती बातमी. तिचे बोलणे जसेच्या तसे छापावे. ते खरे की खोटे, हे तपासणे बातमीदाराचे काम नव्हे. या नियमाला ‘वस्तुनिष्ठता’ असे भारदस्त नाव होते.

४/ नियमामागचा हेतू वाईट नव्हता. बातमी आणि मत यांची सरमिसळ होऊ नये, एवढाच त्याचा उद्देश. परंतु खोटे बोलण्यास न कचरणारा माणूस पदावर असेल, तर हाच नियम त्याच्या हातातील हत्यार ठरतो. हे १९५० साली साऱ्या अमेरिकेने पाहिले.

५/ ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग गावी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप केला. आपल्या हाती त्यांची यादी असल्याचे ते म्हणाले. प्रथम २०५ हा आकडा छापून आला, मग तो ५७ झाला, पुढे सिनेटमध्ये ८१ झाला.

६/ आकडा दर खेपेला बदलत होता. तरी दर खेपेला नवी बातमी होत होती. आरोप पहिल्या पानावर झळके, खुलासा दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर जाई. या वातावरणात शिक्षक, सरकारी नोकर, लेखक, चित्रपट व्यावसायिक अशा असंख्य माणसांच्या नोकऱ्या गेल्या. एका सिनेटरचे सामर्थ्य बव्हंशी छापील शाईवर उभे होते.

७/ अशा वेळी वृत्तपत्रांवरच नजर ठेवणारा कोणी तरी हवा असतो. अमेरिकेत ही परंपरा नवी नव्हती. जॉर्ज सेल्डेस हे शिकागो ट्रिब्यूनचे माजी परदेशी वार्ताहर. त्यांनी १९४० ते १९५० या काळात ‘इन फॅक्ट’ नावाचे छोटेखानी पत्र चालवले. मोठी दैनिके काय छापत नाहीत, हाच त्याचा मुख्य विषय.

८/ उदाहरण तंबाखूचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रेमंड पर्ल यांनी १९३८ साली धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य कमी भरते, असा निष्कर्ष मांडला. सिगारेटच्या जाहिरातींवर पोसलेल्या वृत्तपत्रसृष्टीने त्याची फारशी दखल घेतली नाही. सेल्डेस यांनी मात्र तो विषय लावून धरला. सेल्डेस यांचे हे पत्र स्टोन यांच्यासमोर आदर्श म्हणून होते.

९/ स्टोन यांचा जन्म १९०७ साली फिलाडेल्फियात झाला. मूळ नाव इसिडोर फाइनस्टाइन. १९३७ मध्ये त्यांनी ‘स्टोन’ हे आडनाव जोडले. न्यूयॉर्क पोस्ट, द नेशन, पीएम असा त्यांचा प्रवास झाला. १९५२ च्या अखेरीस त्यांचे ‘डेली कंपास’ हे दैनिक बंद पडले. डाव्या विचारांच्या पत्रकाराला नवी नोकरी मिळण्याचे ते दिवस नव्हते.

१०/ तेव्हा त्यांनी बंद पडलेल्या दैनिकांच्या जुन्या वाचकांचे पत्ते मिळवले आणि त्यांना पत्रे पाठवली. १७ जानेवारी १९५३ रोजी ‘आय. एफ. स्टोन्स वीकली’चा पहिला अंक निघाला. तीनच दिवसांनी आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता आणि मॅकार्थी यांचा दबदबा शिगेला पोचला होता. वर्गणीदार सुमारे ५,३००. वर्गणी वर्षाला ५ डॉलर.

११/ साप्ताहिकाला जाहिराती नव्हत्या. मालक, संपादक, वार्ताहर आणि मुद्रितशोधक एकच. हिशेब, वर्गण्या आणि टपाल यांची जबाबदारी पत्नी एस्थर यांच्याकडे. जाहिरातदार नाही म्हणून त्याचे दडपण नाही, आणि वरचा साहेब नाही म्हणून बातमी मारली जाण्याची भीती नाही, असा हा साधा हिशेब होता.

१२/ स्टोन यांना ऐकू कमी येई. पत्रकार परिषदेत मागच्या रांगेत बसून काही हाती लागत नसे. खासगीत अधिकाऱ्यांकडून कुजबुजीने मिळणारी बातमीही नाही. म्हणून त्यांनी सगळा भर वाचनावर दिला. संसदीय समित्यांपुढील साक्षींचे इतिवृत्त, काँग्रेशनल रेकॉर्ड, खात्यांचे अहवाल, त्यांची परिशिष्टे आणि रोजची ढीगभर वर्तमानपत्रे.

१३/ वर्तमानपत्र वाचण्याची त्यांची रीत वेगळी होती. ठळक मथळ्यापेक्षा बातमीचा शेवटचा परिच्छेद, पहिल्या पानापेक्षा आतले पान, आणि एका दैनिकापेक्षा चार दैनिकांतील फरक त्यांना अधिक सांगून जाई. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. बखरकार काय म्हणतो ते वाचावे. मात्र निवाडा अस्सल कागद पाहूनच करावा.

१४/ आता पुन्हा रेनियर चाचणीकडे. तो काळ अणुचाचण्या थांबवण्याच्या वाटाघाटींचा होता. चाचणीबंदीच्या विरोधकांचे, विशेषतः भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांच्या गोटाचे, म्हणणे असे, की रशियाने भूमिगत स्फोट केले तर ते पकडताच येणार नाहीत. मग करार करून उपयोग काय?

१५/ चाचणीच्या दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली. तिच्या शेपटाला दूरदूरच्या शहरांतून आलेल्या दोनतीन ओळींच्या तारा जोडल्या होत्या : टोरंटो, रोम, टोकियो येथे धक्का नोंदला गेल्याचा दावा त्यांत होता. परदेशी तारा करून खातरजमा करण्याइतके पैसे स्टोन यांच्यापाशी नव्हते. त्यांनी कात्रण काढून ठेवले.

१६/ मार्च १९५८ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे हॅरल्ड स्टॅसेन यांची साक्ष झाली. ते आयझेनहॉवर यांचे निःशस्त्रीकरणविषयक सल्लागार होते. काही शे मैलांच्या अंतराने नोंदणी केंद्रे उभारण्यास रशिया अनुकूल असल्याचे त्यांनी सांगितले. लगोलग अणुऊर्जा आयोगाचा अहवाल आला : हादरा २०० मैलांपुढे गेला नाही.

१७/ दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की अर्थ उघड होता. हादरा २०० मैलांतच विरत असेल, तर काही शे मैलांवरची केंद्रे निरुपयोगी. अर्थात करारही निरुपयोगी. वृत्तपत्रांनी आयोगाचा आकडा छापला आणि विषय संपला. स्टोन यांना मात्र ते जुने कात्रण आठवले.

१८/ भूकंपाच्या नोंदी कोण ठेवते, याचा त्यांनी शोध घेतला. वाणिज्य खात्याच्या अखत्यारीत कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे नावाची कचेरी होती. तेथील भूकंपशास्त्रज्ञांकडे बातमीदार सहसा फिरकत नसत. त्यांनी स्टोन यांना सांगितले, की रोम किंवा टोकियोचे दावे विश्वसनीय नाहीत. पण खऱ्या नोंदींची यादी आमच्याकडे आहे.

१९/ त्या यादीत अमेरिका व कॅनडातील १९ केंद्रे होती. त्यांपैकी एक अलास्कातील फेअरबँक्स : नेवाडापासून सुमारे २,३०० मैल दूर. म्हणजे आयोगाने सांगितलेल्या अंतराच्या अकरा पटींहून अधिक. ही विचारपूस सुरू असल्याचे कळताच आयोगाने आपले विधान दुरुस्त केले. अनवधानाने चूक झाल्याचे सांगितले.

२०/ येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ज्या तारांमुळे स्टोन यांना शंका आली, त्या स्वतः भरवशाच्या नव्हत्या. त्या तशाच छापून त्यांनी गाजावाजा केला असता, तर आयोगाने त्यांना सहज खोटे पाडले असते. शंका ही सुरुवात होती. पुरावा म्हणून उभी राहिली ती १९ केंद्रांची यादी.

२१/ दुसरे प्रकरण व्हिएतनामचे. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी देशाला सांगितले, की टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर पुन्हा हल्ला झाला. ७ ऑगस्टला ठराव मंजूर झाला : प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. जॉन्सन यांना युद्धासाठी जवळजवळ मोकळीक मिळाली.

२२/ विरोधातील दोन सिनेटर म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. मोर्स यांनी सभागृहात सांगितले, की त्याच सुमारास दक्षिण व्हिएतनामच्या नौकांनी उत्तरेकडील बेटांवर मारा केला होता आणि अमेरिकी नौका त्या परिसरात होती. मोठ्या दैनिकांनी या भाषणाला फारशी जागा दिली नाही. स्टोन यांनी ते आपल्या वाचकांपुढे तपशिलाने मांडले.

२३/ स्टोन यांनी तेव्हा प्रश्न विचारले. सगळी उत्तरे त्यांच्याकडे नव्हती. उत्तरे उशिरा आली. १९६८ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीने चौकशी केली तेव्हा सरकारी कथन खिळखिळे झाले. २००५ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या अंतर्गत अभ्यासात ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, असा निष्कर्ष आहे. तोवर या युद्धाने ५८,००० हून अधिक अमेरिकी आणि लक्षावधी व्हिएतनामी जीव घेतले होते.

२४/ तिसरे प्रकरण निव्वळ बेरजेचे. फेब्रुवारी १९६५ च्या अखेरीस परराष्ट्र खात्याने श्वेतपत्रिका काढली : दक्षिण व्हिएतनाममधील बंड हे उत्तरेकडून शस्त्रे पुरवून लादलेले आक्रमण आहे, असा तिचा सूर. स्टोन यांनी परिशिष्टातील कम्युनिस्ट देशांच्या बनावटीची शस्त्रे मोजली. अठरा महिन्यांतील एकूण संख्या भरली १७९.

२५/ मग त्यांनी पेंटॅगॉनचेच आकडे शेजारी ठेवले. तीन वर्षांत गनिमांकडून जप्त झालेली शस्त्रे १५,१००. म्हणजे अठरा महिन्यांना सरासरी सुमारे ७,५००. त्यात १७९ हे प्रमाण अडीच टक्क्यांहून कमी. उलट त्याच तीन वर्षांत गनिमांनी सरकारी बाजूकडून हिसकावलेली शस्त्रे २७,४००. बंडखोरांचे मोठे कोठार उत्तरेत नसून समोरच्याच छावणीत होते.

२६/ यात गुप्त असे काहीच नव्हते. दोन्ही कागद सरकारचे, दोन्ही उपलब्ध. फरक एवढाच, की अन्य बातमीदार श्वेतपत्रिकेचा सारांश प्रवक्त्याच्या तोंडून ऐकत होते. प्रवक्त्याशी संबंध बिघडले, तर उद्याची बातमी बुडते. ज्याला प्रवक्ता मुळातच दारात उभा करत नव्हता, त्याला ही चिंता नव्हती.

२७/ स्टोन यांना देवपण देण्याचे मात्र कारण नाही. १९३० च्या दशकात आणि पुढेही काही काळ सोव्हिएत रशियाबद्दल ते फार सौम्य राहिले. कोरियन युद्धावरील त्यांच्या १९५२ च्या पुस्तकातील तर्क वादग्रस्त ठरले. १९३० च्या दशकातील त्यांच्या सोव्हिएत संपर्कांविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे. अमेरिकी सरकारचे कागद ते ज्या कठोरपणे तपासत, ती कठोरता मॉस्कोच्या वाट्याला उशिरा आली.

२८/ १९५६ साली रशियाला प्रत्यक्ष भेट दिल्यावर मात्र त्यांनी तेथील राजवटीवर स्पष्ट शब्दांत टीका छापली. आपलेच काही वाचक दुरावतील हे ठाऊक असूनही छापली, आणि काही दुरावलेही. विरोधकांविरुद्ध लिहिण्यापेक्षा स्वतःच्या वर्गणीदारांना न आवडणारे लिहिणे अधिक अवघड असते. जाहिरातदार नसलेल्या पत्राची खरी परीक्षा तेथेच होती.

२९/ एफबीआयने त्यांच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली. तरीही साप्ताहिक वाढत गेले. प्रकृतीच्या कारणास्तव १९७१ च्या अखेरीस ते बंद केले, तेव्हा खप ७०,००० च्या घरात पोचला होता. पुढे उतारवयात स्टोन प्राचीन ग्रीक भाषा शिकले, आणि १९८८ मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्यावर त्यांचे पुस्तक आले. तेथेही त्यांचा आग्रह मूळ ग्रंथ वाचण्याचाच होता. १९८९ साली त्यांचे निधन झाले.

३०/ सत्ता सत्य लपवते, हे अर्धेच खरे. मोठे राज्ययंत्र इतके कागद निर्माण करते, की त्याची एक कचेरी दुसरीला नकळत खोटे पाडते. ४ ऑगस्टच्या नोंदी चाळीस वर्षे बंद राहिल्या, हेही खरे; परंतु फेअरबँक्सची नोंद आणि १७९ शस्त्रांची बेरीज कोणीही पाहू शकेल अशी होती. तिथवर जाण्यासाठी लागली ती जुन्या मोटारीची एक फेरी आणि परिशिष्ट शेवटपर्यंत वाचण्याचा धीर. (समाप्त)