येसकराची काठी आणि गावाचा हिशेब



गावाची राखण करायची तर माणसं लागतात. मेलेलं ढोर गावाबाहेर न्यायचं तर माणसं लागतात. माणूस कामाला लावला की पगार लागतो, सुट्टी लागते, आजारपणात औषध लागतं. आज नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ह्या खर्चाला खातं असतं. मग असं खातंच नव्हतं तेव्हा हा खर्च कुणी केला?

महारवाड्याने केला. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन केला.

कामांची यादी बघा. वेशीवर राखण, रात्रीची गस्त, चोराचा माग काढणं. गावात कोण परका आला त्याची पाटलाला वर्दी. शिवेच्या भांडणात साक्ष. साऱ्याचा भरणा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा, तर पाटील-कुलकर्ण्यासोबत महार पायी. जन्म-मृत्यूची खबर, सरकारी टपाल, आलेल्या साहेबाच्या घोड्याला गवत. आणि कुणाच्या गोठ्यात बैल मेला की तो ओढून न्यायचा. म्हणजे पोलीस, टपाल, आरोग्य आणि जनावरांचं खातं, चारी खाती एका घुंगराच्या काठीवर चालत होती.

मोबदला काय? हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन, खळ्यावरचं बलुतं, काही ठिकाणी नावाला रोकड. जमिनीच्या पिढ्यानपिढ्या वाटण्या होत गेल्या. शेवटी भावकीला पाचरी उरल्या, म्हणून येसकरपाळी लावून सगळे राबले. मेलेल्या ढोराचं कातडं आणि मांस, हेही मोबदल्यातच धरलेलं! बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची कथा आपली म्हातारी माणसं अभिमानाने सांगायची. पण जो हक्क नाकारायची सोय नाही, तो हक्क कसला? ती वेठच. गावाने पगार बुडवला आणि वर त्याला मान म्हटलं. बापजाद्यांनीही तो मान डोक्यावर घेतला, हे आपण कबूल केलं पाहिजे.

इंग्रज आला, त्याला हे फार सोयीचं वाटलं. फुकटात चालणारी व्यवस्था कोण मोडील? 1874 च्या वतन कायद्याने ती वंशपरंपरा कागदावर पक्की केली. काम सरकारचं, पण दाणे द्यायचे रयतेने. महाराने मान वर केली की बलुतं बंद. 1927 च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. त्यानंतर जिथं जिथं आपल्या लोकांनी ढोर ओढायचं नाकारलं, तिथं गावाने बहिष्काराचं हत्यार उपसलं.

बाबासाहेबांनी ह्या दुखण्याचं मूळ हिशेबात पाहिलं. 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदे मंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. मागणी साधी होती. बलुत्याची रोख पट्टी करा, ती साऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि चाकराला सरकारने पगार द्यावा. कामं कोणती ते ठरवा. ज्याला वतन नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि चाकरीतून मोकळा करा. महाराला दिवस नाही, रात्र नाही. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामावर ओढतात, हे त्यांनी सभागृहाला सांगितलं. आजच्या भाषेत हा कामाच्या तासांचा, विश्रांतीचा, माणसाच्या तब्येतीचाच प्रश्न होता.

बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं आणि 1929 साली बाबासाहेबांना ते मागे घ्यावं लागलं. वतनी जमिनीवरची जुडी वाढवायला सरकारला मात्र अडचण आली नाही. त्याविरुद्ध 1939 च्या डिसेंबरात हरेगावला परिषद भरवावी लागली.

कनिष्ठ गाव-वतनं रद्द करणारा कायदा 1958 सालचा; 1959 पासून तो लागू झाला. म्हणजे बिलानंतर तीस वर्षांनी. तोवर बाबासाहेब गेले होते. त्यातही जमीन फुकट नाही मिळाली. शतकानुशतकं राबून जी कसली, तीच पुन्हा आपल्या नावावर करायला सरकारात पैसे भरायचे! आणि जुनी येणी? ती कुणी मोजलीच नाहीत. गावात कोतवाल आला, तर त्यालाही चतुर्थ श्रेणीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. नाय बाबा. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित पोरांना लोखंडी सळ्या-काठ्यांनी मारलं. मग सुरेंद्रनगरला आपल्या बांधवांनी मेलेली जनावरं आणून कलेक्टर कचेरीपुढं टाकली. ज्याचं काम त्याच्या दारात! 1928 च्या बिलाचा अर्थ त्या दिवशी तिथं पडलेला होता.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, दोन कामं करा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापाशी बसा. येसकरपाळी किती दिवसांची होती, खळ्यावर किती पायल्या मिळत, कोणत्या साली ढोर ओढायचं सोडलं, गावाने काय केलं, सगळं वहीत उतरवा. दुसरं, आपल्या पंचायतीचं, पालिकेचं अंदाजपत्रक मागा. रात्रीची राखण कोण करतो, मेलेलं जनावर कोण उचलतो, त्याला हातमोजे, सुट्टी, दवाखाना मिळतो का, तो कायम आहे की ठेकेदाराचा, आणि त्याची जात कोणती, एवढं विचारा.

ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जोवर बदलत नाही, तोवर वतन फक्त कागदावरून गेलंय.