ओसरीतला दिवा आणि दहा सेंटचे नाणे

आजारी मुलांसाठी चालत निधी जमवण्याची जी प्रथा अमेरिकेत रुजली, तिच्या इतिहासात पोलिओला मोठे स्थान आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने गाठले आणि त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. राष्ट्राध्यक्ष असताना, जानेवारी १९३८ मध्ये, त्यांनी या रोगाविरुद्ध एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. नट एडी कँटर यांनी रेडिओवरून आवाहन केले की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट व्हाइट हाउसला पाठवावे. या मोहिमेला त्यांनी ‘मार्च ऑफ डाइम्स’ असे नाव दिले. तेव्हा ‘मार्च’ फक्त नावातच होता. चालत होती ती नाणी, टपालाच्या थैल्यांतून. अशी सुमारे २६ लाख ८० हजार नाणी जमा झाली. देणगी म्हणजे धनिकांचे काम, ही समजूत या खुर्द्याने मोडून काढली.

पैशाची गरज किती होती हे लोखंडी फुप्फुसावरून कळते. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या मुलाला एका मोठ्या नळकांड्यात निजवत. डोके तेवढे बाहेर, मानेभोवती रबराची पट्टी, चेहऱ्यावर बहुधा एक तिरपा आरसा. खोलीत कोण आले हे मुलाला त्यातूनच दिसे. आतल्या हवेचा दाब घटला की छाती फुगे, वाढला की बसे. आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने हे चाले. एवढा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. तो उचलण्यात संस्थेचा मोठा वाटा होता.

पाय खऱ्या अर्थाने रस्त्यावर पडले ते जानेवारी १९५० मध्ये, ॲरिझोनातील फिनिक्स शहरात. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी ठरल्या संध्याकाळी ओसरीतला दिवा लावून ठेवावा, असे आधी सर्वांना कळवले गेले. मग आया आपापल्या गल्लीत निघाल्या आणि दिवा दिसेल त्या दारी थांबल्या. तासाभरात सुमारे ४५ हजार डॉलर जमले. या पद्धतीत मोठे शहाणपण होते. मागणारी शेजारीण ओळखीची, तिच्याही घरी लहान मुले, आणि अंधाऱ्या ओसरीसमोर कुणाचाही संकोच होत नसे. दरवर्षी उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव बंद होत, आईबाप मुलांना गर्दीत पाठवायला धजत नसत. अशा भीतीत दिवा लावणे हे आपणही काही करू शकतो असे सांगणे होते. लवकरच ‘मदर्स मार्च’ देशभर पसरला.

१९५२ मध्ये अमेरिकेत पोलिओचे जवळजवळ ५८ हजार रुग्ण आढळले. याच लोकवर्गणीवर जोनास साल्क यांचे लसीचे संशोधन पुढे गेले. १९५४ मधील चाचणीत सुमारे १८ लाख मुले सहभागी झाली. काल वर्गणी देणाऱ्या घरांनी आता आपली मुलेच पुढे केली, हा विश्वास कोणत्याही रकमेहून मोठा होता. १२ एप्रिल १९५५ रोजी लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे जाहीर झाले.

मूळ काम सरल्यावर संस्था मोडली नाही. १९५८ पासून तिने जन्मजात व्यंगांकडे आणि पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे लक्ष वळवले. आज ओळखीची असलेली पदयात्रा १९७० मध्ये सॅन अँटोनियो आणि कोलंबस या शहरांत सुरू झाली. पुढे ती ‘वॉकअमेरिका’ या नावाने ओळखली गेली. चालणारा आधी नातेवाईक, शेजारी, सहकारी यांच्याकडून दर मैलामागे ठरावीक रक्कम कबूल करून घेई आणि चालून झाल्यावर ती वसूल करी. दारोदार फिरण्याची जागा अशा रीतीने एका दिवसाच्या सामुदायिक चालण्याने घेतली. मागण्याचे काम मात्र ओळखीच्या माणसाकडेच राहिले.

२००८ मध्ये या पदयात्रेचे नाव ‘मार्च फॉर बेबीज’ झाले. तिच्यात अनेक कुटुंबे आपल्या बाळाच्या नावाचे पथक करून चालतात: ज्यांचे बाळ वाचले तीही, आणि ज्यांचे वाचले नाही तीही.