आंबील : रयतेच्या वाटीतला इतिहास

राजांच्या मेजवान्यांची वर्णने बखरींत सापडतात. रयतेने सकाळी काय प्यायले याची नोंद मात्र क्वचितच होते. प्राचीन रोमचे लोक पाव रुळण्यापूर्वी दीर्घकाळ धान्याच्या लापशीवर जगले. आपल्याकडे तो मान आंबिलीचा. रात्री पीठ पाण्यात कालवून आंबवावे, सकाळी आधणात सोडून गुठळी न होऊ देता ढवळावे, निवल्यावर ताक, मीठ, जिरे घालावे. मूठभर पिठात घर भागावे, अशी ही कृती.

देशावर ती ज्वारीची, कोकणात नाचणीची. ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्यातही तिला स्थान आहे. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली आणि मराठी माणसे या रागीच्या मुलखात आली. येथे त्यांना 'अंबलि' भेटली. नाव जवळजवळ तेच, चवही तीच. परमुलखात अशी ओळख पटणे म्हणजे अर्धे घर मिळणेच होय.

सोळाव्या शतकात कनकदासांनी 'रामधान्यचरिते' रचले. त्यात तांदूळ आणि रागी यांच्यात श्रेष्ठत्वाचा वाद होतो. श्रीराम दोघांना सहा महिने कोंडून ठेवतात. तांदूळ नासतो, रागी टिकते. आणि राघवाचे नाव तिला लाभते. या कथेला शेतकऱ्याच्या अनुभवाचा आधार आहे. पेवात साठवलेली रागी वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. परंतु पाऊस लागोपाठ फसला तेव्हा हा आधारही पुरला नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानाची जवळपास एक-पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. आंबिलीची वाटी हा ज्यांच्या जगण्या-मरण्यातला फरक होता, त्यांची आठवण ठेवणे हाही इतिहासच.

येथे एक कबुली द्यायला हवी. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत पाठ फिरवून आंबील पीत असे. मी तिच्या आईला बोलावून "मुलीला जरा चांगला डबा देत जा," असे सांगितले. त्या माउलीने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पाव येऊ लागला. शंभर ग्रॅम रागीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते गरिबाच्या डब्यात मला दिसले नाही, एवढेच.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. आता तीच रागी आकर्षक वेष्टनांत दुप्पट-तिप्पट दराने विकली जाते, आणि आपण ती कौतुकाने आणतो. धान्य तेच आहे. बदलली ती आपली नजर.

हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे : मुलांच्या डब्यात आंबील असेल, तर तिची गोष्टही सोबत द्या. कोणत्याही मुलाला पाठ फिरवून जेवावे लागू नये, यासाठी शाळा असते. हा धडा मला त्या मुलीने शिकवला.