गुदाशयाचा कर्करोग : अचूक किरणोपचार

मोठ्या आतड्याचा गुदद्वारालगतचा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांचा मेळ घालून उपचार करतात. आतड्याच्या वरच्या भागातील कर्करोगात किरणोपचाराला फारसे स्थान नाही. गुदाशयात मात्र ते मोठे आहे आणि याला कारण त्याची जागा. कटीरातील अरुंद पोकळीत तो दाटीने बसलेला असतो. मागे त्रिकास्थी असते, पुढे पुरुषांत मूत्राशय व प्रोस्टेट, तर स्त्रियांत गर्भाशय व योनी. इतक्या अडचणीत गाठीभोवती निरोगी भागाची पुरेशी कड राखून ती काढणे कठीण जाते. मागे राहिलेल्या पेशींमुळे रोग त्याच जागी उलटला, तर वेदना तीव्र असतात आणि उपाय थोडे उरतात. हे टाळणे हाच किरणोपचाराचा मूळ हेतू.

हा हेतू साधतो का, हे तपासणाऱ्या स्वीडनमधील एका चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी ५ दिवसांत २५ ग्रे मात्रा दिलेल्या रुग्णांत रोग जागीच उलटण्याचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. त्यापूर्वीच बेझिंगस्टोक येथील सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतालच्या चरबीच्या अखंड आवरणासह काढण्याचे तंत्र रुजवायला सुरुवात केली होती. अशा शस्त्रक्रियेनंतरही किरणांचा उपयोग होतो का, हे डच चाचणीने तपासले. दोन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण किरण न दिलेल्यांत ८.२ टक्के, तर दिलेल्यांत २.४ टक्के आढळले. किरण शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी देणे चांगले, हे २००४ च्या जर्मन चाचणीने दाखवले. या चाचणीत सुमारे साडेपाच आठवड्यांत ५०.४ ग्रे मात्रा व जोडीला फ्लुरोयुरॅसिल हे औषध दिले होते.

आजच्या अचूक पद्धतींत आयएमआरटी व व्हीमॅट या प्रमुख आहेत. त्यांत यंत्राच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या सतत सरकत किरणझोताला आकार देतात. मात्रा गाठ, भोवतीची चरबी आणि लसीका ग्रंथींच्या जागांवर एकवटते. लहान आतडे व मूत्राशयाच्या वाट्याला ती कमी येते. पण यंत्र सुरू होण्याआधीचे काम अधिक मोलाचे आहे. एमआरआयवर गाठ गुदाशयाभोवतीच्या आवरणाच्या कडेपासून किती मिलिमीटर दूर आहे, शेजारच्या शिरेत शिरली आहे का, हे पाहिले जाते. मग डॉक्टर सीटी स्कॅनच्या एकेका छेदावर लक्ष्य आणि जपायचे अवयव आखतात. रुग्णाने ठरावीक पाणी पिऊन मूत्राशय भरलेला ठेवायचा असतो, म्हणजे लहान आतडे वर ढकलले जाते. त्वचेवर गोंदलेले बारीक ठिपके लेझरच्या रेषांशी जुळवून त्याला झोपवतात आणि टेबलावरच छोटा स्कॅन काढतात. गुदाशयात वायू साठून तो फुगलेला दिसला, तर रुग्णाला उठवून शौचाला पाठवावे लागते व सगळी जुळणी पुन्हा करावी लागते. हा वेळ वाया गेलेला नसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या रोगात निकाल सुधारले ते प्रामुख्याने नीट शस्त्रक्रिया, एमआरआय आणि उपचारांच्या योग्य क्रमामुळे. यंत्राच्या नव्या पिढीने आतड्यावरची मात्रा घटवली; पण केवळ त्यामुळे रुग्ण अधिक काळ जगतात, असे सिद्ध झालेले नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत प्रोटॉन उपचारांची सोय आहे, तरी गुदाशयाच्या पहिल्या उपचारात प्रोटॉन नित्याचे नाहीत. आधी किरण दिलेल्या जागी रोग उलटला, तर त्यांचा विचार होतो.

जुलाब, लघवीची जळजळ व गुदद्वाराजवळची त्वचा सोलवटणे हे त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. शौचाची वारंवार घाई, लैंगिक अडचणी व कटीराच्या हाडांचा ठिसूळपणा मात्र दीर्घकाळ राहू शकतो. नेहमीच्या मात्रेने अंडाशयांचे कार्य थांबते. भारतात तरुण वयातही हा रोग आढळतो. म्हणून पहिल्या सत्राच्या आधीच शुक्राणू वा बीजांडे गोठवून ठेवण्याबद्दल बोलणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

अलीकडे किरण आणि संपूर्ण केमोथेरपी दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वी देण्याकडे कल आहे. रॅपिडो चाचणीत ५ दिवसांचे किरण व त्यानंतर केमोथेरपी घेतलेल्या २८ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेवेळी गाठीचा मागमूस उरला नव्हता. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १४ टक्के होते. मात्र पाच वर्षांनी रोग जागीच उलटण्याचे प्रमाण नव्या पद्धतीत १० व जुन्या पद्धतीत ६ टक्के आढळल्याने तिचा सरसकट वापर योग्य ठरत नाही. गावाहून मुंबईला येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाला पाच आठवड्यांऐवजी पाच दिवस हा फरक मोठा वाटतो. पण निवड रोगाच्या अवस्थेवरून व्हायला हवी. २०२३ च्या प्रॉस्पेक्ट चाचणीनुसार निवडक रुग्णांत आधी केमोथेरपी देऊन, गाठ नीट आकसल्यास, किरण टाळताही येतात.

गाठ पूर्ण विरघळली, तर शस्त्रक्रिया न करता पाळत ठेवण्याची पद्धत ब्राझीलच्या आंजेलिता हाब्र-गामा यांनी पुढे आणली. लहान गाठींत गुदद्वारातून नळी घालून थेट कमी ऊर्जेचे क्ष-किरण दिल्यास गुदाशय वाचण्याची शक्यता वाढते, हे ओपेरा चाचणीत दिसले. पोटावर लावावी लागणारी शौचाची कायमची पिशवी (स्टोमा) टळण्याची आशा यातून मिळते. परंतु पाळतीवर ठेवलेल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत दोन वर्षांत गाठ पुन्हा वाढते. ती वेळीच सापडली तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने काढता येते. त्यासाठी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय ठरल्या वेळी व्हावे लागतात, पहिल्या दोन वर्षांत तर दर काही महिन्यांनी. ज्यांना या खेपा जमणार नाहीत, त्यांनी शस्त्रक्रियाच करून घ्यावी.