सासऱ्यांचं चावीचं घड्याळ : विकायचं की दुरुस्त करायचं?



सासऱ्यांच्या माघारी त्यांच्या कपाटात एचएमटीचं 'जनता' घड्याळ निघालं. चावीचं आणि बंद पडलेलं. भाऊजी म्हणाले, "जुन्या घड्याळांना हल्ली गिऱ्हाईक आहे. विकू आणि पैसे जीवदयेला देऊ." सासूबाई म्हणाल्या, "दुरुस्त करा." दोघांच्याही म्हणण्याला धर्माचा आधार! तेव्हा या घड्याळाचा इतिहास काय, तो आधी पाहू या म्हटलं.

एचएमटी हा बंगळूरचा सरकारी कारखाना, 1953 सालचा. मुळात यंत्रं बनवणारा. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं तिथे मनगटी घड्याळं तयार होऊ लागली. त्याआधी मनगटावर घड्याळ म्हणजे बहुतेक परदेशी, तेही ऐपत असलेल्यांच्या. 'जनता' नावातच सगळं आलं. आत 17 ज्युवेल्स, म्हणजे चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे बारीक खडे. रोज एकदा चावी दिली की झालं. नवरदेवाला, पास झालेल्या मुलाला हेच घड्याळ दिलं जाई. मग सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं आली, 1987 मध्ये टायटन बाजारात उतरलं आणि चावी देण्याची सवयच मोडली. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे आता कारखान्याचा नवा सुटा भाग मिळणं अवघड. बऱ्याचदा तो दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढावा लागतो.

विकायचं तर एक गोष्ट कळली. जुनी तबकडी पुन्हा रंगवून, चार घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. त्यांना डाग पडलेली का होईना, मूळची तबकडी हवी असते. म्हणून विका किंवा ठेवा, चकचकीत करून घेऊ नका.

विकण्याची गोष्ट आपल्या रत्नागिरीला नवी नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 मध्ये इथे नजरकैदेत आला आणि 1916 मध्ये इथेच वारला. खर्च भागेना तेव्हा सोबत आणलेले दागिने त्यानं विकले. गरज असताना विकण्यात कमीपणा नाही. पण आमच्या घरी तशी गरज नव्हती.

मग हा परिग्रह ठरतो का? इथे सासूबाईंचं म्हणणं मला पटलं. सामायिक दोन घटिकांचं, म्हणजे 48 मिनिटांचं. आमच्याकडे त्या वेळात मोबाईल किंवा बॅटरीच्या वस्तूला हात लावत नाहीत, कारण विजेत तेउकायाचे जीव मानतात. म्हणूनच कित्येक घरांत 48 मिनिटांची वाळूची घडी असते. चावीच्या घड्याळाला बॅटरीच नाही. सासरे सामायिकाला बसण्याआधी चावी देऊन ते समोर ठेवत.

मुंबईच्या राजाबाई टॉवरचीही अशीच कथा सांगतात. आपल्या समाजातल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो 1878 मध्ये पुरा झाला आणि त्यांच्या आईचं नाव त्याला मिळालं. आईंना दिसत नव्हतं; टोल ऐकून सूर्यास्ताआधी जेवता यावं, अशी त्यामागची आख्यायिका. व्रत पाळणाऱ्या बाईला वेळ कळणं ही चैन नव्हे.

शेवटी असं ठरलं : घड्याळवाल्या काकांनी फक्त आतली सफाई, तेलपाणी आणि तुटलेली स्प्रिंग एवढंच करायचं. तबकडीला हात लावायचा नाही, काढलेले जुने भाग परत द्यायचे. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत बंद ठेवलेलं घड्याळ गंजतं, म्हणून ते रोज वापरायचं. चावी सासूबाई देतील, त्यांच्यानंतर ज्याला सामायिकाला लागेल त्याचं. तसं कोणी नसेल तर भाऊजींचं म्हणणं मान्य, तेव्हा विकायचं. आणि जीवदयेची रक्कम? ती दोन्ही भावांनी याच महिन्यात आपापल्या खिशातून दिली.

तुमच्या कपाटातही असं एखादं असेल, तर आधी घरात विचारा : हे कोणाच्या कामाचं आहे? उत्तर आलं तर दुरुस्त करा. नाही आलं तर विकायला हरकत नाही.