पाणाड्याची काठी आणि कोरडी विहीर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नीरा डावा कालवा 1885 साली वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या जमिनीवर एक रेघ उमटली. कालव्याच्या खालच्या अंगाला बागायत, वरच्या अंगाला जिरायत. खाली ऊस आला, मागोमाग साखर कारखाने आले. वर सुप्याच्या बाजूला बाजरी, ज्वारी आणि आभाळाकडे लागलेले डोळे तसेच राहिले.

ज्याच्या बांधाला पाट आला, त्याला जमिनीखालच्या पाण्याची चिंता थोडी कमी झाली. ज्याच्याकडे तो आला नाही, त्याला विहीर खणण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि पाणी तर डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही पण ज्याच्यावाचून जगता येत नाही, त्याच्याभोवती माणूस समजुतींचे कुंपण घालतो.

आपल्याकडे विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्या साती आसरा. 'अप्सरा' या शब्दावरून हे नाव आले असे अभ्यासक मानतात. डोहात, विहिरीत त्यांचा वास. त्यांना हळदकुंकू वाहावे, हिरव्या बांगड्या द्याव्यात, नाहीतर त्या पाण्यात ओढून नेतात, अशी भीती. दुसरी समजूत पायाळू माणसाची. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याला म्हणे जमिनीखालचे धन आणि पाणी दिसते. आणि तिसरा आपला पाणाड्या. कुणी झाडाची दुबेळकी काठी घेऊन शिवारात फिरतो, कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो, कुणी काटकोनात वाकवलेल्या लोखंडी सळ्या धरतो. काठी वळली, नारळ उभा राहिला, की तिथे खुणेचा दगड ठेवायचा.

ही विद्या अगदीच हवेतली होती, असे मात्र म्हणता येणार नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचा एक अध्यायच भूजलावर आहे. कोणते झाड, त्याच्या कोणत्या बाजूला वारूळ, माती कोणत्या रंगाची, यावरून पाण्याचा अंदाज त्यात सांगितला आहे. जुना, अनुभवी पाणाड्या ओढ्याचा उतार, उंबराचे झाड, शेजारच्या विहिरीची पातळी हे सगळे पाहत असे. श्रेय मात्र काठीला मिळे.

आणि काठीवर भरवसा फक्त खेड्यातल्या माणसाचाच होता असेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लिव्हरपूलच्या मॅन्सफील्ड कंपनीचे पाणी शोधण्याचे यंत्र मुंबई इलाख्यात आले. सुई हलली की खाली पाणी, असा त्याचा दावा. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाशी निगडित असलेले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी दख्खनच्या काळ्या पाषाणावर त्याचे प्रयोग केले. पुढे 1925 नंतरच्या काही वर्षांत मेजर पॉग्सन नावाचे गृहस्थ चक्क सरकारी पाणाडे म्हणून काम करत होते. आज पडक्या वाड्यात विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर घेऊन भूत शोधणारे तरुण दिसतात. तिथेही काटा हलतोच. तो कशाने हलला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

काठीचे उत्तर पुष्कळ आधी मिळाले आहे. 1852 साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, मनात अपेक्षा असली की हाताचे स्नायू आपल्या नकळत हालचाल करतात. पाणाड्या लबाडी करत असतोच असे नाही. त्याचा हातच त्याला फसवतो. 1990 साली जर्मनीत कासेल येथे 30 पाणाड्यांची परीक्षा झाली. जमिनीत पुरलेल्या नळातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. उत्तरे नाणे उडवून मिळावीत तशीच निघाली.

मग आपल्याकडे पाणी लागते कसे? कारण आपल्या बेसॉल्ट खडकाच्या वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत थोडेफार पाणी बऱ्याच ठिकाणी सापडते. लागलेल्या विहिरीची गोष्ट पारावर वर्षानुवर्षे सांगितली जाते. कोरड्या विहिरीची गोष्ट सावकाराच्या वहीत राहते. पाणाड्याचा विडा-नारळ स्वस्त असतो; महाग पडते ते त्याने दाखवलेल्या जागेवरचे बोअर. एक कोरडे गेले की दुसरे, दुसरे गेले की तिसरे.

या समजुतीला एक काळी बाजूही आहे. विहिरीला पाणी लागावे म्हणून घरच्या सुनेचा बळी दिल्याच्या कथा लोकगीतांतून आपल्यापर्यंत आल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनाच्या जोडीने जलस्रोताच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्येही त्यात गुन्हा ठरवली आहेत. नुसती काठी फिरवणे म्हणजे अघोरी कृत्य नव्हे, हे उघड आहे. पण कायदा करणाऱ्यांना पाण्याचा वेगळा उल्लेख करावासा वाटला, यावरून तहान माणसाला कुठवर नेऊ शकते ते कळते.

1972च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. ती गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. खडकाचा विद्युतरोध मोजून जागा सुचवण्याची पद्धतही आहे. तीही शंभर टक्के खात्री देत नाही. पण ती आपल्या चुकांचा हिशेब ठेवते. काठी तो ठेवत नाही. म्हणून बोअर घेण्याआधी आसपासच्या दहा विहिरींची खोली आणि उन्हाळ्यातली पातळी आपणच लिहून काढावी, मग भूवैज्ञानिकाला विचारावे. आसरांना हळदकुंकू वाहायचे तर खुशाल वाहावे. बोअरचे कर्ज मात्र वहीतले आकडे पाहूनच काढावे.